‘ब्यासर’ म्हणजे कंटाळा नव्हे!

२०२० च्या जुलै महिन्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत शेजारच्या घरी नातू झाला होता. बाळंतिणीचं घर एरवी कसं असतं हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नकोच. शेकशेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू (आपल्या कानडी वहिनींच्या ‘अंटिन उंडी’) आणि दिवसभर आल्यागेल्यांची वर्दळ. त्या वर्षी मात्र दार बंद होतं. उंबऱ्याबाहेर साबण आणि पाण्याची बादली ठेवलेली. बाळ मी पाहिलं ते दोन घरांमधल्या भिंतीवरून, तोंडाला मास्क लावून.

सूनबाई सोलापूरची, माहेर कानडी बोलणारं. तिला मराठी उत्तम येतं, पण मन मोकळं करायची भाषा कानडीच. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. २४ मार्चच्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला आणि सगळंच अडलं. मे महिन्यात कर्नाटक सरकारने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत बंदी घातली. पुढे वाट उघडली, तरी ‘सेवासिंधू’वर नोंदणी आणि वर सात दिवस सरकारी क्वारंटाइन. तिच्या आईला मधुमेह, त्यामुळे घरचे पाठवेनात. ना ओटीभरण, ना कुबसा, ना तवरमने. बारसं झालं ते मोबाइलच्या पडद्यावर.

बाळ तीन आठवड्यांचं झालं असेल. संध्याकाळी ती गच्चीवरून आईशी फोनवर बोलत होती, “अव्वा, भाळ ब्यासर आग्याद.” खाली सासूबाईंनी मुलाला विचारलं, “काय म्हणते रे?” तो म्हणाला, “कंटाळा आलाय म्हणते.” दुसऱ्या दिवशी सासूबाई मला भिंतीपाशी म्हणाल्या, “बाई, तीन आठवड्यांच्या लेकराचा कसला कंटाळा हो? आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?” त्या मुळीच वाईट बाई नव्हेत. वयाच्या साठीत एकटीने सगळं बाळंतपण निभावत होत्या, त्याही थकल्या होत्या. आणि मी? मला दोन्ही भाषा येतात, कॉलेजात भाषा शिकवते, तरीही मी मान डोलावून घरात आले. आजही ते आठवलं की मला स्वतःचाच राग येतो.

कानडीतल्या या शब्दात कंटाळा आहे, पण थकवा, खिन्नता आणि कशावरूनही मन उडून जाणं हेही त्यातच आहे. नवऱ्याने केलेलं भाषांतर चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. त्या अपुरेपणामुळे दुखण्याचा आळस झाला.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगीच रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि दोन आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरतं. त्याला घाबरायचं कारण नाही. पण उदासी दोन आठवड्यांपुढेही हटेना, बाळ झोपलं तरी आईला झोप येईना, जेवणावरची वासना गेली, ‘मी चांगली आई नाही’ हे एकच वाक्य डोक्यात फिरत राहिलं, तर तो प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. आपल्याकडे हा शहरी, शिकलेल्या बायकांचा आजार समजला जातो. शेजारच्या गोव्यातला, २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळंच सांगतो. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांना तिथे प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी आणि नवरा-बायकोतला बेबनाव ही कारणं त्यात होतीच, शिवाय मुलगी झाली हेही एक कारण होतं. हे महामारीच्या कितीतरी आधीचं.

मग महामारीने काय केलं? माझ्या मते तिने माणसं काढून घेतली. बाळंतिणीकडे येणाऱ्या आत्या-माम्यांना आपण किती नावं ठेवतो! बाळ कोणावर गेलं, दूध पुरतं का, नाक जरा चपटंच दिसतं... पण त्या दहा जणींपैकी एखादी तरी बाळाऐवजी आईच्या तोंडाकडे बघायची आणि जाताना तिच्या आईच्या कानाशी लागायची, “पोरगी गप्प का गं?” बंद दाराआड ही टेहळणीच बंद पडली. त्यात भीतीची भर. आईला कोरोना झाला तर दूध पाजावं की नाही, यावर घरोघरी वाद झाले. मास्क लावून, हात धुऊन पाजावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, पण ते सगळ्यांपर्यंत पोचलं नाही. गर्भवतींना लस घ्यायची परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ रोजी. तोवर दुसऱ्या लाटेचा कहर होऊन गेला होता.

बापांचं तर कोणी नावच घेत नाही. या घरातला बाप उद्यमबागेतल्या फाउंड्रीत. कारखाना काही आठवडे बंद, पगार अर्धा. प्रसूतीच्या वेळी त्याला दवाखान्याच्या फाटकातूनच परत पाठवलं. काम सुरू झालं तसा तो बाहेरून येणारा म्हणून सोप्यात झोपू लागला आणि स्वतःचं मूल त्याने महिनाभर लांबूनच पाहिलं. नव्या बापांपैकी साधारण दहातल्या एकाला नैराश्य येतं, असं परदेशातले अभ्यास सांगतात. पण आपल्या बापाला रडू आलं तर तो गाडी काढून पेट्रोल भरायला जातो!

या घराचं नशीब असं की दीड महिन्याच्या लसीला बाळाला आरोग्य केंद्रात नेलं, तेव्हा तिथली नर्स कानडी निघाली. तिने बाळाला सुई टोचली आणि आईला सहज विचारलं, “निद्दी बर्तदेनु?” म्हणजे झोप येते का? तेवढ्या प्रश्नावर ही पोर बाकावर बसून ढसाढसा रडली. नर्सने तिला सरकारी दवाखान्यातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे धाडलं. कर्नाटकाला हे नवं नाही. जिल्हा पातळीवर मानसिक उपचार देण्याचा प्रयोग ‘निम्हान्स’ने आपल्या बळ्ळारी जिल्ह्यातच केला आणि १९९६ पासून देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच नमुन्यावर उभा राहिला. समुपदेशन झालं, काही महिने गोळ्या चालल्या. अंगावर पाजतानाही घेता येतात अशी औषधं असतात, ती डॉक्टरच ठरवतात. दिवाळीपर्यंत ती पुन्हा गच्चीवर वाळवणं घालताना दिसू लागली.

आता १४४१६ या ‘टेलीमानस’ क्रमांकावर मोफत बोलता येतं, कानडीत आणि मराठीतही. ही सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तेव्हा ती असती तर! एक मात्र लक्षात ठेवावं. प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत बाई असंबद्ध बोलू लागली, भास होऊ लागले, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याची भाषा आली, तर फोन, देवर्षी, दृष्ट काढणं यात वेळ न घालवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तोवर तिला एकटं सोडू नये.

दोन वर्षांपूर्वी त्याच घरी मुलगी झाली. या वेळी सूनबाई सोलापूरला जाऊन दोन महिने राहून आली. परतल्यावर एके सकाळी मी भिंतीपाशी उभी होते. सासूबाई चहाचा कप घेऊन तिच्या खोलीच्या दारात गेल्या आणि आपल्या मोडक्यातोडक्या कानडीत विचारू लागल्या, “निद्दी बंतेनु गं?” आतून ती हसली आणि मराठीत म्हणाली, “आली हो, थोडी आली.”