९ वर्षे ११ महिने की ७५ वर्षे?

मुंबईतल्या शिवडीहून समुद्रावरून न्हावा शेव्याला जाणारा पूल स्वतःच्या पैशाने बांधायचा, टोल घेऊन पैसे वसूल करायचे आणि मुदत संपली की पूल सरकारच्या हवाली करायचा. जो सर्वांत कमी मुदत मागेल, त्याला काम. या निविदेचे लिफाफे २००८ मध्ये उघडले, तेव्हा अनिल अंबानी समूहाच्या गटाने मागितली होती ९ वर्षे ११ महिने. मुकेश अंबानींशी संबंधित सी किंग कंपनीने मागितली होती ७५ वर्षे.

हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले की आजही थक्क व्हायला होतं. समुद्र तोच, अंतर तेच, पूलही तोच. सिमेंट-लोखंडाच्या भावातून एवढी तफावत निघणं शक्यच नाही. कारण त्या लिफाफ्यात बांधकामाचा दर नव्हताच मुळी! जो पूल अजून नाही, त्यावरून पुढची कित्येक वर्षं रोज किती गाड्या जातील, याचा अंदाज होता. तोवर कर्जाचं व्याज किती चढेल, हेही त्यातच आलं. कंत्राटदाराकडून सरकार एका अर्थाने भविष्य विकत मागत होतं. अखेर ती निविदा रद्द झाली.

काम कोणत्या पद्धतीने द्यायचं, हा प्रश्न रुक्ष कागदी वाटतो. पण धोका कुणाच्या गळ्यात पडणार, हे तिथेच ठरतं. साधं घर बांधतानाही हे दिसतं. नकाशा आर्किटेक्टचा, माल आपला आणि मिस्त्री मजुरीवर, असं असेल तर वाढीव खर्च आपला आणि भिंत चुकली तर भांडणही आपणच सोडवायचं. तेच सगळं एकाकडे ठरावीक रकमेत सोपवलं, तर तो चिंतेचेही पैसे धरूनच आकडा सांगतो. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदांमध्येही अशा तऱ्हा आहेत: कुठे अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी-जास्त ते सांगायचं, कुठे प्रत्येक बाबीचा दर भरायचा, तर कुठे संपूर्ण कामाची एकच रक्कम.

पुलाची जबाबदारी पुढे एमएमआरडीए या मुंबई महानगराच्या विकास संस्थेकडे आली, पण पद्धत तीच राहिली: बांधा, वापरा, हस्तांतरित करा. पाच गट पात्र ठरले. २०१३ मध्ये निविदा भरण्याची मुदत संपली तेव्हा एकाचीही निविदा आलेली नव्हती.

मग जे बदललं ते मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत सुंदर वाटतं. समुद्र आटला नाही की पूल आखूड झाला नाही. फक्त गाड्यांचा अंदाज कंत्राटदाराच्या डोक्यावरून उतरवला. जपानच्या जायका संस्थेचं कर्ज एमएमआरडीएने घेतलं आणि कंत्राटदारांकडे संकल्पचित्र आणि बांधकाम दोन्ही एकत्र सोपवलं. तळाशी खडक कसा लागेल, तुळई कशी उचलायची, ही जोखीम त्यांच्या हातातली, त्यांच्या विद्येतली. २०१७ च्या अखेरीस करार झाले. लार्सन अँड टुब्रोने जपानच्या आयएचआयबरोबर एक भाग घेतला, देवू आणि टाटा प्रोजेक्ट्स यांनी दुसरा, तर जमिनीकडचा तिसरा भाग एकट्या लार्सनने.

ज्याने आखायचं त्यानेच उभारायचं असलं, की कागदावरची रेघ ओढतानाच क्रेन डोळ्यांसमोर येते. जहाजांच्या वाटेवर खांब नकोत म्हणून तिथे १८० मीटरपर्यंतचे लांब गाळे पोलादी डेकचे आहेत. एवढ्या लांबीला काँक्रीट फार जड झालं असतं. अवाढव्य पोलादी भाग किनाऱ्यावर जोडून बार्जवरून नेले आणि खांबांवर चढवले. २१.८ किलोमीटर लांब, त्यातला सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर, अशा या अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झालं.

सुरुवातीच्या काळात गाड्या मात्र अंदाजापेक्षा बऱ्याच कमी आल्या. २०१३ मध्ये सगळ्यांना मागे हटवणारी शंका अशी खरी ठरली, पण त्या तुटीचा भार कंत्राटदारांवर पडला नाही. टोल एमएमआरडीएचा आहे, कर्जही तिचंच, आणि हप्ते तिलाच फेडायचे आहेत.