पडद्यावर मराठी अक्षर : पेंटर आणि मेकॅनिक यांचा जोडधंदा

मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या बाजारात आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे, ट्रॉलरवर जीपीएस आहे, दुकानात बिलाचे यंत्र आहे. पण बहुतेक यंत्रांची भाषा इंग्रजीच राहिली. दुसरीकडे फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचे काम आटले. या दोन्ही गोष्टींवर एक छोटासा उपाय आहे, असे आम्हाला वाटते. म्हणून हा प्रपंच.

बाजारात ‘१२८ बाय ६४’चा ग्राफिक एलसीडी पडदा काही शे रुपयांत मिळतो. आकार तळहाताएवढा. त्यात आडवे १२८ आणि उभे ६४, असे एकूण ८१९२ ठिपके. साध्या १६ अक्षरांच्या दोन ओळींच्या पडद्यात इंग्रजी अक्षरे कारखान्यातूनच भरून येतात. आपल्या पसंतीची फक्त ८ चिन्हे त्यात बसतात. आपली बाराखडी त्यात कशी मावणार? ‘केएस०१०८’ जातीच्या ग्राफिक पडद्यात मात्र एकही अक्षर आधी भरलेले नसते. कोणता ठिपका काळा करायचा, हे मायक्रोकंट्रोलर नावाची छोटी चिप सांगते. म्हणूनच त्यावर कोणतीही लिपी काढता येते.

हा पडदा डावा आणि उजवा असा दोन भागांत असतो. प्रत्येक भागाला ६४ स्तंभ आणि स्वतंत्र चिप. उंचीचे ८ पट्टे, प्रत्येक पट्टा ८ ठिपक्यांचा. मायक्रोकंट्रोलर आधी भाग निवडतो, मग पट्टा, मग स्तंभ, आणि एक बाईट पाठवतो. त्या बाईटचे ८ बिट म्हणजे उभे ८ ठिपके. शब्द मध्यरेषा ओलांडत असेल तर तेथे दुसरी चिप निवडावी लागते. ते राहिले तर उरलेला अर्धा शब्द त्याच भागाच्या सुरुवातीला जाऊन उमटतो.

इंग्रजी अक्षर ५ बाय ७ ठिपक्यांत, म्हणजे एका पट्ट्यात बसते. ‘सुरमई’ला खाली उकार आहे, ‘बांगडा’ला वर अनुस्वार आहे, मध्ये शिरोरेषा. वाचण्याजोगे अक्षर हवे तर ३ पट्टे, म्हणजे २४ ठिपके उंची द्यावी. अशा दोन ओळी बसतात : वर मालाचे नाव, खाली भाव.

खरी मेख पुढे आहे. ‘किलो’ हा शब्द संगणकात साठवताना आधी क आणि मग वेलांटी असा क्रम असतो. काढताना मात्र वेलांटी आधी येते. क्रमाने अक्षरे ठेवत गेलो तर क ची वेलांटी ल ला चिकटते. जोडाक्षरांचीही तीच गत.

यावर सोपा उपाय म्हणजे अख्खा शब्दच एक चित्र समजणे. पेंटरने आलेखाच्या कागदावर चौकोन भरून शब्द काढावा, मेकॅनिकने त्याचे बाईट करावेत. ६४ ठिपके रुंद, २४ उंच शब्दाला १९२ बाईट लागतात. २० मासळीच्या नावांना ३८४०. ‘एटमेगा३२८’ या चिपची प्रोग्रॅमची जागा ३२ किलोबाईट आहे, तेथे ही नावे आरामात राहतात. कामचलाऊ स्मृती २ किलोबाईटच असते, तेथे ती ठेवू नयेत. आकडे एकमेकांना जोडले जात नाहीत, म्हणून ० ते ९ सुटे काढले की पुरे.

उर्दूलाही हेच लागू. नस्तालीकमध्ये अक्षर शेजारी पाहून रूप बदलते. कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांच्या हाताच्या अक्षरांवरून १९८१ साली ‘नूरी नस्तालीक’ तयार झाले, तेव्हाही हजारो जोड अख्खेच्या अख्खे साठवले गेले. यंत्राआधी कातिबाचा हात लागला, हे विसरू नये.

किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी. खाऱ्या हवेने काच आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या रबरी ‘झेब्रा’ पट्टीचा संपर्क बिघडतो आणि पडद्यावरच्या काही रेषा नाहीशा होतात. म्हणून डबी घट्ट बंद असावी. पडदा कोरा दिसला तर फेकू नये, आधी कॉन्ट्रास्टचा प्रीसेट फिरवून पाहावा.

एक इशारा. वजनाच्या काट्याचे सील तोडून आत पडदा बसवू नये. २००९ च्या वैध मापन कायद्यानुसार काट्याच्या दुरुस्तीला परवाना लागतो. नाव आणि भाव दाखवणारी डबी काट्यापासून वेगळीच ठेवावी.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत बंदरावरच्या मेकॅनिकने आणि पेंटरने एकत्र बसून एक डबी करून पाहावी. अक्षर एकाचे, तार दुसऱ्याची. यंत्र कारखान्यातून येईल, पण त्यावरचे मराठी अक्षर इथल्याच हाताने काढावे लागेल. ते काम दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ देऊ नये, एवढेच आमचे सांगणे.