शंकरपट भरवायचाय? आधी कागद

वाशीम जिल्ह्यात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरवायचा तर पहिला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, किमान 15 दिवस आधी. सोबत 50 हजार रुपयांची अनामत. 2017 च्या राज्य नियमांनी शर्यतीची सगळी जबाबदारी आयोजकावर टाकली आहे, आणि ते योग्यच आहे, कारण बैलाला तक्रार करता येत नाही.

धावपट्टी 1000 मीटरपेक्षा लांब नको. ती दगडगोट्यांची किंवा चिखलाची असेल तर बैलाचा पाय मुरगळायला एक उडी पुरते, म्हणून जागा आयोजकाने स्वतः चालून पाहावी. प्रत्येक बैलाचे पशुवैद्यकाने दिलेले तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र हवे. धुरकऱ्याच्या, म्हणजे जोडी हाकणाऱ्याच्या, हातात काठी, चाबूक, टोचणी किंवा बॅटरी दिसता कामा नये. ही तपासणी जोडी सुटण्याआधीच व्हावी, नंतर नव्हे. संपूर्ण शर्यतीचे चित्रीकरण करून तेही प्रशासनाला द्यायचे असते.

नियम मोडले तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी या शर्यती थांबवल्या होत्या. डिसेंबर 2021 मध्ये त्यांना अंतरिम परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 च्या निकालाने या शर्यतींना सूट देणारा राज्याचा कायदा कायम राहिला.

कारवान जातीचे शिकारी कुत्रे पळवणाऱ्या हौशी मंडळींनी मात्र ध्यानात ठेवावे : ही सूट फक्त बैलगाडा शर्यतीला आहे. तिच्या आधाराने कुत्र्यांची शर्यत भरवता येत नाही.