फेहू : गुरांचे नाव असलेले अक्षर

'क कमळाचा, ग गणपतीचा' असे आपण पहिलीच्या मुलांना शिकवतो. अक्षर लक्षात राहावे म्हणून शब्दाचा आधार घेतो. उत्तर युरोपात जर्मानिक भाषा बोलणाऱ्या लोकांच्या लिपीत तर असा शब्द हेच अक्षराचे नाव असे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास ही लिपी हाड, धातू, दगड यांवर कोरलेली आढळते. तिच्या अक्षरांना 'रून' म्हणतात. जुन्या मालिकेत 24 अक्षरे होती. फ, उ, थ, अ, र, क या पहिल्या सहांवरून मालिकेचे नाव पडले 'फुथार्क'.

पहिल्या अक्षराचे नाव 'फेहू', म्हणजे गुरे आणि त्यावरून संपत्ती. एक उभी रेघ व तिच्यातून उजवीकडे वर जाणाऱ्या दोन तिरप्या रेघा, असे त्याचे रूप.

हे नाव आपल्याला कसे कळले? अक्षरनावे सांगणारी हस्तलिखिते बऱ्याच नंतरची आहेत. त्यांत जुन्या इंग्रजीत 'फेओह' व नॉर्स भाषेत 'फे' अशी नावे मिळतात. जर्मनमध्ये 'फी' म्हणजे आजही गुरे. आइसलँडिक भाषेत 'फे' म्हणजे पैसा आणि मेंढ्यासुद्धा! अशा रूपांची तुलना करून अभ्यासकांनी 'फेहू' हे मूळ रूप ठरवले. ते अनुमानाने मिळालेले असल्याने त्याच्याआधी तारांकन करतात.

या अनुमानाला आधार आहे ध्वनिबदलाच्या नियमांचा. परीकथांचे संग्राहक म्हणून आपल्याला माहीत असलेल्या याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये ते सविस्तर मांडले. संस्कृत, लॅटिनमध्ये जेथे शब्दारंभी 'प', तेथे जर्मानिक भाषांत 'फ' : पितृ–फादर, पाद–फुट. तसेच संस्कृतातील 'श'च्या जागी अनेक शब्दांत 'ह' येतो : शत–हंड्रेड. आता 'पशु' शब्दाला दोन्ही नियम लावून पाहू. 'प'चा 'फ', 'श'च्या जागी 'ह', म्हणजे फेहू! लॅटिनमध्येही 'पेकू' म्हणजे गुरे आणि 'पेकूनिया' म्हणजे पैसा. आपला 'पशुधन' शब्द हेच सांगतो.

मात्र यावरून 'फेहू' संस्कृतातून निघाला, असे म्हणता येणार नाही. दोन्ही शब्द एकाच पूर्वज-भाषेतून आले. ती बहिणी-बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. साम्य दिसले की लगेच उगम सांगण्याचा मोह आपण वर्गात टाळायला हवा. त्याऐवजी 'प–फ'च्या आणखी जोड्या मुलांनाच शोधायला सांगाव्यात. सुरुवात 'पंच' आणि 'फाइव्ह'पासून करता येईल.