अहवाल कुणाचा, पोळी कुणाची?

‘एका अहवालानुसार’ अशी सुरुवात असलेली बातमी वर्तमानपत्रात नाही, असा दिवस हल्ली क्वचितच उगवतो. पाचवीतल्या इतक्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, निवडणुकीतल्या इतक्या उमेदवारांवर गुन्हे दाखल आहेत, अमुक अनुदानाने तिजोरीवर इतका बोजा पडतो. सकाळच्या चहाबरोबर आपण तो आकडा वाचतो, दुपारी कचेरीत किंवा कट्ट्यावर तो दुसऱ्याला ऐकवतो आणि रात्री दूरचित्रवाणीवर चार माणसे तोच आकडा घेऊन भांडताना पाहतो. आठवडाभरात तो आपल्या मताचा भाग होऊन जातो. अहवाल मुळात कुणाचा होता, हे तोवर विसरलेले असते. बातमीच्या सहाव्या-सातव्या ओळीत एक इंग्रजी नाव येऊन गेले होते, इतकेच अंधुक आठवते.

हे अहवाल तयार करणाऱ्या संस्थांना ‘थिंक टँक’ म्हणतात. आपण त्यांना धोरण-अभ्यास संस्था म्हणू. सरकारने काय करावे याचा अभ्यास करायचा आणि त्यातून निघालेले म्हणणे लोकांच्या गळी उतरवायचे, असे त्यांचे दुहेरी काम असते. पहिले काम विद्वान मंडळी करतात. दुसरे बहुतांशी वर्तमानपत्रांतून होते, आणि ते कसे होते हे समजून घेणे तुमच्या-माझ्यासारख्या वाचकांच्या हिताचे आहे.

ही वाट कशी पडली, त्याची एक कथा इंग्लंडमध्ये सांगतात. अँटनी फिशर हा दुसऱ्या महायुद्धात लढलेला वैमानिक. १९४५ साली त्याने फ्रीडरिख हायेक या अर्थशास्त्रज्ञाच्या ‘द रोड टू सर्फडम’ या ग्रंथाचा संक्षेप ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये वाचला. सगळा आर्थिक कारभार सरकारच्या हाती गेला तर माणसाचे स्वातंत्र्यही जाते, हे त्यातले म्हणणे त्याला इतके पटले की तो हायेकना भेटायला गेला आणि आपण राजकारणात उतरतो म्हणाला. हायेकनी त्याला परावृत्त केले. राजकारणी लोकमताच्या मागून चालतात. तेव्हा आधी लोकमत घडवणाऱ्या शिक्षकांकडे, लेखकांकडे, पत्रकारांकडे वळा, असा त्यांचा सल्ला होता. फिशरने कोंबड्यांच्या धंद्यात चांगला पैसा केला आणि १९५५ मध्ये लंडनला ‘इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स’ ही संस्था काढली. पुढची वीस-पंचवीस वर्षे या संस्थेच्या पुस्तिका अग्रलेख लिहिणाऱ्यांच्या टेबलावर पडत राहिल्या. १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या, तेव्हा त्यांच्या आर्थिक कार्यक्रमातली भाषा तिथल्या वाचकांना नवखी राहिली नव्हती.

अमेरिकेने या कामाला वेग दिला. १९७३ मध्ये वॉशिंग्टनला निघालेल्या ‘हेरिटेज फाउंडेशन’ची एक कसोटी प्रसिद्ध आहे. विमानतळावरून संसदेपर्यंत मोटारीने जाता जाता वाचून व्हावा, इतका अहवाल आटोपशीर हवा. मतदान होऊन गेल्यावर येणारे पांडित्य काय कामाचे? याच संस्थेने रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीच्या आरंभी, १९८१ मध्ये, ‘मँडेट फॉर लीडरशिप’ हा सुमारे अकराशे पानांचा ग्रंथ काढला आणि रेगन यांनी त्याच्या प्रती आपल्या मंत्र्यांना दिल्या. त्याच नावाचा नवा ग्रंथ २०२३ मध्ये आला. तो ‘प्रोजेक्ट २०२५’ या नावाने ओळखला जातो. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यावरून एवढे रान उठले की खुद्द डोनाल्ड ट्रम्प यांना, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे सांगत फिरावे लागले.

वर्तमानपत्रे हे सारे का छापतात? अडचण साधी आहे. संध्याकाळचे सात वाजलेले असतात, पान रिकामे असते आणि अर्थसंकल्पातल्या किंवा एखाद्या नव्या विधेयकातल्या किचकट कलमाचा अर्थ वाचकाला उद्या सकाळी सांगायचा असतो. सरकारी अधिकारी फोन उचलत नाही. प्राध्यापक दोन दिवसांची मुदत मागतात. अशा वेळी दोन पानांचा सारांश, एक ठळक आकडा, एक आलेख आणि बोलायला तयार असलेला तज्ज्ञ पुढ्यात आला, तर कोणता वार्ताहर तो परतवून लावील? जो तयार स्वयंपाक वाढतो, त्याच्या चवीचे जेवण आपण जेवतो.

त्याचा गैरफायदा कुठवर जाऊ शकतो, हे सिगारेटच्या इतिहासात दिसते. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत तंबाखू कंपन्यांचे एक निवेदन झळकले. धूम्रपानाने कर्करोग होतो असे संशोधक म्हणू लागले होते. लोकांचे आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि खरे-खोटे शोधण्यासाठी आम्ही संशोधन समिती नेमत आहोत, असे या कंपन्यांनी जाहीर केले. समितीने वैज्ञानिक नेमले, निधी वाटला. पत्रकारांना मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली गेली: अजून काही सिद्ध झालेले नाही. दोन्ही बाजू छापण्याची चांगली सवय असलेल्या वर्तमानपत्रांनी ती दुसरी बाजू म्हणून वर्षानुवर्षे छापली. शंका हाच आपला माल आहे, असे एका तंबाखू कंपनीच्या १९६९ मधल्या अंतर्गत टिपणात चक्क लिहिलेले सापडले. ही संशोधन संस्था अखेर १९९८ च्या तडजोडीनंतर बंद झाली. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत ‘अजून नक्की कुठे ठरलंय?’ म्हणत किती बाप-भावांनी पुढची सिगारेट शिलगावली असेल!

आपल्याकडे या कामाची सुरुवात बरीच सरळ झाली. १९५६ मध्ये मुंबईत ए. डी. श्रॉफ यांनी ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ’ स्थापन केला. याच व्यासपीठावरून नानी पालखीवाला दरवर्षी अर्थसंकल्पावर बोलत. ग्रीन्स हॉटेलच्या दालनात सुरू झालेली ही भाषणे पुढे श्रोते मावेनात म्हणून ब्रेबॉर्न स्टेडियमवर गेली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ती ठळकपणे येत. फोरमची भूमिका त्याच्या नावातच लिहिलेली होती. खासगी उद्योगाची बाजू मांडणारा माणूस बोलतो आहे, हे माहीत असूनच लोक ऐकत आणि हवे तेवढे घेत.

पुढच्या काळात अहवालांनी सामान्य माणसाचे मोठे भलेही केले आहे. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ ही संस्था काढून न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधल्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील खटले, मालमत्ता आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागते. ती हजारो प्रतिज्ञापत्रे वाचून त्यांचे तक्ते ही संस्था वर्तमानपत्रांना पुरवते. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने पत्रकार परिषद घेऊन, बारा शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे सांगितले. कंपन्यांनी ते साफ नाकारले. गदारोळ इतका झाला की संसदेची संयुक्त समिती नेमली गेली. शरद पवार तिचे अध्यक्ष होते. २००४ च्या फेब्रुवारीत या समितीने संस्थेचे निष्कर्ष उचलून धरले. प्रसिद्धीचे तंत्र तेच, पण इथे त्याने घरोघरच्या मुलांची बाजू घेतली.

मग ओळखायचे कसे? पहिला प्रश्न पैशाचा. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, असे आपले पूर्वज सांगून गेले. परदेशी सरकारे वॉशिंग्टनमधल्या डझनभराहून अधिक नामवंत अभ्यास संस्थांना कोट्यवधी डॉलर देत असल्याचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१४ मध्ये उघड केले होते. आपल्याकडे ‘ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन’ १९९० मध्ये रिलायन्सच्या पाठबळावर उभे राहिले. दुसऱ्या बाजूला, १९७३ पासून काम करणाऱ्या दिल्लीच्या ‘सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च’चा परदेशी देणगीचा परवाना केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये रद्द केला. पोळी देणाऱ्याची सत्ता असते, तशी पोळी काढून घेणाऱ्याचीही असते. अभ्यास करणाऱ्याला दोघांची धास्ती वाटू लागली, तर काही विषयांवर अहवाल निघणारच नाहीत, आणि न निघालेल्या अहवालाची बातमी कुठेच येत नाही.

तरीही पैसा कुणाचा एवढ्यावरच निकाल देऊ नये. मी बँकेत अनेक वर्षे कर्जप्रकरणे तपासली. कर्ज मागणारा नेहमी एक प्रकल्प अहवाल जोडतो. तो त्याने पैसे देऊन करून घेतलेला असतो, हे उघडच आहे. पाचव्या वर्षी तोटा दाखवणारा प्रकल्प अहवाल मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. म्हणून आम्ही ते केराच्या टोपलीत टाकत नव्हतो. बेरजा-वजाबाक्या बहुधा बरोबरच असत. पाहायचे असे ते शेवटी कुठेतरी असलेले गृहीतकांचे पान. विक्री दरवर्षी किती वाढेल असे धरले आहे? कच्च्या मालाचा भाव तोच राहील असे का मानले? सगळी मेख त्या पानात असे. गृहीतके नीट मांडलेली असली तर पुढची चर्चा होऊ शके. ते पानच नसेल तर आम्ही प्रकरण परत पाठवत असू.

त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी लागे, ती म्हणजे अहवालात काय मोजलेलेच नाही. एखाद्या ग्रामीण शाखेवर दोन अहवाल होऊ शकतात. एक सांगेल, पीककर्जाची थकबाकी किती. दुसरा सांगेल, किती जण कर्ज न मिळाल्याने सावकाराच्या दारात गेले. दोन्ही आकडे खरे असतील. पण पहिलाच छापून आला, तर वाचक शेतकऱ्याच्या नियतीवर वाद घालील आणि दुसरा छापून आला तर बँकेच्या कारभारावर. वाद कशावर घालायचा हे वाचकाने ठरवलेले नसते. ते त्याच्यासाठी आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेले असते.

गृहीतकांचे पान उघडे ठेवले की काय होते, याचा नमुना पुण्यातच आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ च्या जानेवारीत मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. त्याला मदत फोर्ड फाउंडेशनची, म्हणजे अमेरिकन होती. त्यांनी रोजच्या २२५० उष्मांकांचा आधार घेतला. १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात माणशी महिना पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही किमान गरज धरली आणि त्यावरून ग्रामीण भागात सुमारे चाळीस टक्के, तर शहरांत सुमारे पन्नास टक्के लोक गरीब ठरवले. ‘गरिबी हटाव’ची निवडणूक त्याच वर्षीची. हिशेब पायरी-पायरीने मांडलेला असल्यामुळे इतरांना तो तपासता आला. पुढे पुण्याचेच संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी, प्रत्येक शरीराची गरज सारखी नसते, तेव्हा सरसकट उष्मांकांची रेषा ओढून भुकेले मोजू नयेत, असा आक्षेप घेतला. दांडेकरांनी त्याला उत्तर दिले. पैसा कुठलाही असो, वाद खुला राहिला आणि त्यातून देश शहाणा झाला.

आपल्या वर्तमानपत्रांकडून वाचकांनी फार नव्हे, एवढेच मागावे: अहवालाच्या बातमीत संस्थेला पैसा कोण देतो आणि आकडा कसा काढला, हे दोन ओळींत छापा. जे तपासता येईल ते आपणही तपासावे. मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या प्रेरणेने २००५ पासून निघणारा ‘असर’ अहवाल त्या बाबतीत उदार आहे. पाचवीतल्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, हा सुरुवातीला सांगितलेला आकडा त्याचाच. तो ग्रामीण भागापुरता आहे, मुलांची चाचणी शाळेत न घेता घरी जाऊन घेतात, आणि अक्षरे, शब्द, छोटा उतारा, गोष्ट असलेले चाचणीचे पान मराठीतही सर्वांना उपलब्ध आहे. एखाद्या रविवारी ते मिळवावे आणि घरातल्या किंवा शेजारच्या मुलासमोर ठेवावे. देशातल्या शाळांविषयी मत बनवताना निदान एका मुलापुरता पुरावा तरी मग आपला स्वतःचा असेल.