दगडाची भाकरी

दोस्ता, आपल्या खान्देशातला पारोळ्याचा किल्ला पाहिला आहेस का? तो डोंगरावर नाही बरं! सपाट जमिनीवर आहे, थेट गावात. अशा किल्ल्याला भुईकोट म्हणतात. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी तो 1727 मध्ये बांधला. दगडी तट, बुरूज आणि भोवती खंदक. शत्रूला आत शिरायचं म्हणजे घामच फुटला असणार!

आज मात्र त्याची बरीच पडझड झाली आहे. आता ओळख पाहू, असे किल्ले कोण पाडतं? तोफा? हो, तोफाही पाडतात. माणसंही पाडतात. पण काही पाडणारे आजही कामावर हजर आहेत. रविवारची सुट्टीसुद्धा घेत नाहीत! त्यातला सगळ्यात छोटा कोण, माहीत आहे? पिंपळाचं बी!

हे बी मोहरीहूनही लहान असतं. पक्षी पिंपळाचं फळ खातो, जुन्या भिंतीवर बसतो आणि शिटतो. झालं काम! बी भिंतीच्या फटीत पडतं. तिथल्या चिमूटभर धुळीत त्याला कोंब फुटतो. मूळ आत शिरतं, वर्षावर्षाला जाड होतं आणि शेजारच्या दगडांना बाजूला ढकलतं. एवढासा पिंपळ आणि मणामणाचे दगड हलवतो!

पण पिंपळ दगड हलवतो, दगडाला संपवत नाही. दगड संपवतो तो पाऊस.

थांब थांब, हसू नकोस! पाण्याने दगड कसा संपेल? तर गंमत अशी. पावसाचा थेंब खाली येताना हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडासा पिऊन येतो. सोड्याच्या बाटलीत तोच वायू असतो ना? म्हणजे आभाळातून अगदी फिक्कट, आंबूस सोडाच पडतो म्हण! हा सोडा दगडाच्या बारीक भेगांत शिरतो आणि आतल्या खनिजांना हळूहळू कुरतडतो.

आणि आता खरी कमाल ऐक. दगड गंजतो! हो, सायकलची साखळी पावसात राहिली की गंजते ना, तसाच. आपल्या खान्देशातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्याच्यात भरपूर लोह असतं. लोह म्हणजे लोखंडच की! त्याला पाणी आणि हवा मिळाली की ते तांबूस होतं. विहीर खणताना किंवा रस्त्याच्या कडेला दरड कापलेली दिसली, तर नीट बघ. काळ्या दगडावर तांबूस, पिवळट, हाताने चुरगळेल असा थर दिसतो. त्याला काय म्हणतात, तुला माहीत आहे. मुरूम! तोच तो, ट्रॅक्टरमधून येतो आणि रस्त्यावर पसरतात. मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला दगड!

कधी कधी तर अख्खा धोंडा कांद्यासारखा सुटतो. एकावर एक पापुद्रे! वरचा निघाला की खालचा तयार. आत मात्र अजून टणक काळा गोळा असतो.

आता मुरूमही पुढे कुजत जातो. कुजून कुजून त्याचं काय होतं? सांग ना!

काळी माती!

कपाशीची, ज्वारीची, आपली ती कसदार काळी माती म्हणजे खचलेला, गंजलेला, संपत आलेला दगड. आणि हा दगड तरी कुठला? साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यातून तापलेला लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि थंड होऊन दगड झाले. तेव्हा पृथ्वीवर डायनासोर फिरत होते! या दगडाचं वय म्हणजे एक अख्खा दिवस-रात्र धरलं, तर पारोळ्याच्या किल्ल्याचं वय किती भरेल? अर्ध्या सेकंदाहूनही कमी! तू पापणी मिटून उघडलीस की तीनशे वर्षं संपली.

काळ्या मातीच्या अंगात एक खोडी आहे. ती फुगते! पावसात भिजलेली वही कशी टम्म होते, आठवतं? पानापानांत पाणी शिरतं म्हणून. या मातीचे कणसुद्धा तसेच, पातळ पानांच्या गठ्ठ्यासारखे असतात. पावसाळ्यात पानांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो, पाणी उडून जातं आणि माती आक्रसते. मग शेतात एवढ्या मोठ्या भेगा पडतात की तुझा हात आत जाईल. (घालू नकोस हं! आत विंचू असेल तर?) वरची भुसभुशीत माती या भेगांत पडते, खालची पावसात फुगून वर सरकते. म्हणून म्हणतात, काळी माती स्वतःची नांगरट स्वतःच करते. घर बांधणारे मात्र तिला वैतागतात. दरवर्षी फुगणारी, आक्रसणारी जमीन पायालाच हलवते, मग भिंतीला तडे जाणारच!

शेतकऱ्याला हीच खोडी आवडते. ही माती पाणी धरून ठेवते. खान्देशातली दादर ज्वारी आठव. ती पावसाळा सरताना पेरतात. नंतर पाऊस नाही पडला तरी मातीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते. तिच्या मुळांना मातीतून लोह मिळतं, मॅग्नेशियम मिळतं. ते मातीत कुठून आलं? त्या काळ्या दगडातून! आणि दादरची भाकरी कोण खातं? तू! म्हणजे डायनासोरच्या काळातल्या लाव्ह्याचा कण आज तुझ्या पोटात आहे!

मात्र हा कारखाना फार म्हणजे फारच संथ आहे. तुझ्या करंगळीच्या नखाएवढा, म्हणजे एक सेंटीमीटर जाडीचा मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. किल्ला बांधून झाल्यापासून आजवर, उघड्या खडकावर, जेमतेम तेवढीच माती झाली असेल. आणि उघड्या बांधावरून ती एका धो-धो पावसात बोरी नदीत वाहून जाते! तिथून तापीत, तापीतून थेट समुद्रात.

आता तुझी पाळी. शेतातून मूठभर काळी माती आण. खडे काढून टाक आणि कणकेसारखी मळ. जुन्या ताटलीला आधी तेलाचं बोट लाव. तिच्यात बरोबर 10 सेंटीमीटर लांबीची जाड पट्टी थाप आणि सावलीत वाळू दे. दुसऱ्या ताटलीत तशीच पट्टी नदीतल्या वाळूची कर. दोन्ही पूर्ण वाळल्या की मोजपट्टीने मोज. कोणती किती आखडली, ते वहीत लिहून विज्ञानाच्या बाईंना नक्की दाखव!