दूध पुरतंय, हे ओळखायचं कसं?

बाळंतपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहुतेक घरांत कुणी ना कुणी म्हणतंच, "हिला दूधच येत नाहीये, बाळ उपाशी राहतंय." कधी हे आजी म्हणते, कधी भेटायला आलेली शेजारीण, तर कधी रात्रभर जागलेली बाळंतीण स्वतःच. मग पावडरचा डबा येतो. बाळ वरचं दूध पिऊन गाढ झोपतं आणि सगळ्यांची खात्री पटते, की भूकच होती. खरं तर बहुतेक आयांना त्या दिवशी जेवढं दूध असायला हवं, तेवढंच असतं. ते कसं तयार होतं हे घरातल्या एकाला जरी नीट ठाऊक असलं, तरी ही घबराट टळते.

आधी चीक, मग दूध

गरोदरपणाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यापासूनच स्तनांत चीक तयार होऊ लागतो. पिवळसर, दाट आणि अगदी थोडा. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिलिलिटर पितं, म्हणजे फार तर दोन लहान चमचे. नवजात बाळाच्या पोटाला तेवढं पुरतं. संसर्गाशी लढणारे घटक या चिकात भरपूर असतात, म्हणून तो पिळून टाकू नये. त्याआधी मध, गुळाचं पाणी किंवा गुटीही चाटवू नये. मध तर वर्षभर नकोच, कारण त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

वार पडली, की आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं. दूध मुबलक तयार होण्याचा इशारा शरीराला तिथून मिळतो, आणि दोन ते चार दिवसांत छाती भरून येते. पहिलटकरणीला किंवा सिझेरियन झालेल्या आईला थोडा जास्त वेळ लागू शकतो. मधल्या काळात बाळ सारखं छातीशी येतं, रडतं, पुन्हा ओढतं. त्याच्या या ओढण्यानेच पुढच्या दुधाची तयारी होत असते.

म्हणून पहिला तास महत्त्वाचा. बाळाला पुसून, कपड्यात न गुंडाळता आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, की ते स्वतःच स्तन शोधू लागतं. पाठीत भूल दिलेल्या सिझेरियननंतरही हे जमतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झाली, पण पहिल्या तासात अंगावर पाजलेल्या बाळांचं प्रमाण मात्र ४१.८ टक्केच होतं. आई दवाखान्यापर्यंत पोचते, पण तिथे तिच्या शेजारी बसून पाजायला शिकवणारं माणूस तिला मिळत नाही.

उपसा तसा पाझर

बाळ ओढू लागलं, की आईच्या मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं. त्याचं प्रमाण रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवू नये. ऑक्सिटोसिनमुळे दुधाच्या पेशींभोवतीचे बारीक स्नायू आकसतात आणि पान्हा फुटतो. वेदना, काळजी, अपमान यांनी पान्हा अडखळतो. आईच्या तोंडावर "हिला दूध नाही" म्हटलं, तर त्याचाही परिणाम होतो.

तिसरी गोष्ट स्तनातच घडते. दूध साचून राहिलं, की नवं दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. रिकामं झालं, की वाढतो. उपसा असलेल्या विहिरीचे झरे वाहते राहतात, तसंच हे. वरचं दूध प्यालेलं बाळ तीन-चार तास झोपतं. तेवढा वेळ स्तन रिकामा होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दूध खरोखरच कमी येतं. सुरुवातीला भीतीच होती, ती डब्यामुळे खरी ठरते. म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, बाळ मागेल तेव्हा पाजावं. हळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीने खुशाल खावेत, त्यांनी ताकद येते. पण दूध वाढतं ते स्तन वरचेवर रिकामा झाल्याने.

बाळाने नीट धरलंय का?

आईने पाठ टेकून आरामात बसावं. बाळाचं डोकं, पाठ आणि कंबर एका रेषेत हवी, पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, नाक स्तनाग्रासमोर. स्तनाग्र बाळाच्या वरच्या ओठाला लावलं, की ते जांभई दिल्यासारखं तोंड उघडतं. त्याच क्षणी बाळाला जवळ ओढावं. आईने स्वतः पुढे वाकू नये.

नीट धरलं असेल, तर बाळाची हनुवटी स्तनाला टेकलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, आणि काळसर भाग ओठांच्या खाली कमी, वर जास्त दिसतो. नुसतं स्तनाग्रच तोंडात असेल, तर दूध नीट येत नाही आणि चिरा पडतात. दुखत असेल, तर करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं. टाके दुखत असतील, तर कुशीवर झोपून किंवा बाळाला काखेखाली धरून पाजावं.

पुरतंय याच्या खुणा

बाळ रडतं म्हणजे दूध कमी, असा हिशेब लावू नये. शू मोजावी. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा अशी ती वाढत जाते, आणि पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक वेळा होते. शीचा रंग काळ्यावरून हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळा होतो. पिताना गिळल्याचा आवाज येतो. वजन आधी थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माइतकं होतं.

घट दहा टक्क्यांच्या वर गेली, शू कमी झाली, बाळ पाजायलाही उठेना किंवा कावीळ वाढताना दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. थायरॉईडचा त्रास, स्तनाची शस्त्रक्रिया किंवा वारेचा तुकडा आत राहणं, अशा कारणांनी काही आयांना खरोखरच दूध कमी येतं. त्यात त्यांचा काही दोष नाही. कमी दिवसांच्या बाळांना दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळावं, म्हणून मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. वरचं दूध द्यावंच लागलं, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, वाटी-चमच्याने किंवा स्वच्छ बोंडल्याने द्यावं.

छाती दगडासारखी कडक झाली, तर पाजण्याआधी कोमट शेक द्यावा, हाताने थोडं दूध काढावं, मग बाळाला लावावं. एखादी जागा लाल होऊन ताप आला, तर डॉक्टरांना दाखवावं, पण पाजणं थांबवू नये.

सहा महिने पाणीसुद्धा नको, विदर्भातल्या मे महिन्यातही नको. दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. पाजत राहिलं, की तहान भागते. आईने मात्र भरपूर पाणी प्यावं.

आईच्या बाजूने कोण?

पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या, हे कायद्याने दिलेले हक्क आहेत. ते मागताना संकोच नको. कामावर असताना हाताने काढलेलं दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात फ्रीजमध्ये ठेवून चोवीस तासांत वापरावं. बाहेर ठेवलेलं चार तासांत संपवावं, कडक उन्हाळ्यात त्याहून लवकर.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर आशा ताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यावं, अशी सरकारी योजना आहे. ती आली, की नुसतं वजन करून घेऊ नये. तिच्यासमोर बाळाला पाजावं आणि पकड बघायला सांगावं.

घरच्यांचं काम बाळंतपणाच्या आधीच सुरू होतं. दवाखान्यात नाव घालतानाच विचारावं: पहिल्या तासात बाळ आईच्या छातीवर देता का? सिझेरियन झालं तरी देता का? रात्री पाजताना अडलं, तर मदतीला कोण येतं? या प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली, तर तिसऱ्या दिवशी डबा आणायला सहसा कुणाला धावावं लागणार नाही.